कोजागिरीला फणसाड, ऑफ सीझनमधले दोन दिवस

फणसाडला, म्हणजे मुरुडजवळच्या अभयारण्यात, जायचं तर मेमध्येच जा, असं मला ज्याने त्याने सांगितलं होतं आणि त्यांचं काही चूक नाही, कारण मेपर्यंत जंगलातले वहाळ सगळे आटतात, मग जे थोडे बारमाही पाणवठे उरतात, तिकडे त्यांना गाण म्हणतात, चिखलगाण, धरणगाण अशी नावं आहेत, तिथे प्राण्यांना यावंच लागतं, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून जी मोजणी होते ती पण ह्याच हिशोबाने. आम्ही गेलो ऑक्टोबरमध्ये. दसरा होऊन गेलेला, दिवाळीची सुट्टी लागायला अवकाश, आणि तेही मधल्या वारी. म्हणजे प्राणी बघायचा सीझन नाही, बीचवाल्यांचा पण सीझन नाही.

कारण बाबा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली, एक जूनमध्ये आणि दुसरं ऑगस्टमध्ये. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी गॅलरीत उभे राहून म्हणाले, समोरच्या टाकीवर घार बसलीये बघ, शेपटीला खाच दिसतेय. मागची दोन वर्षं त्यांना समोरची टाकीच धड दिसत नव्हती. मी चहा ठेवला, आणि चहा घेता घेता ते म्हणाले आता एकदा गिधाड बघायचंय.

बाबांचं लहानपण मुरुड तालुक्यातलं. तेव्हा ढोर मेलं की गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकायचे आणि मग आभाळातून एकेक ठिपका खाली यायला लागायचा, वीस, तीस, चाळीस गिधाडं, शाळेतून येताना पोरं लांब उभी राहून बघायची, दुसऱ्या दिवशी नुसती हाडं. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मला ते मी स्वतः बघितल्यासारखं वाटतं, पण मी एकही गिधाड बघितलेलं नाही. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायला लागले, ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं तर देशात ९९ टक्क्यांहून जास्त गेली. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद केलं, पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, त्यांची संख्या पुन्हा वाढायला किती पिढ्या लागतील. फणसाडच्या जंगलात अजून दिसतात असं बाबांनी कुठेतरी वाचलं होतं. मेपर्यंत थांबा म्हटलं तर म्हणाले, मेपर्यंतचं कुणी बघितलंय. सत्तरीच्या माणसाने असं म्हटल्यावर पुढे काय बोलणार, मी दोन दिवसांची रजा टाकली.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली, तासाभरात मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच की दोन्ही बाजूला भातं पिवळी झालेली, हळव्या भाताची कापणी सुरू, आणि रस्ता जवळपास रिकामा.

वार ठरवायचं काम बाबांनी केलं होतं, तिथी बघून. किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे तर ओहोटीची वेळ साधावी लागते, चिखल उघडा पडल्याशिवाय ते खायला उतरत नाहीत, आणि बाबांची पद्धत गावची आहे, तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती, त्यात सहा तास मिळवा, संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी. मी फोनवर टाइड चार्ट काढून बघितला तर अर्ध्या तासाचासुद्धा फरक नव्हता. शिवाय पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला लांब आत जातं, मग चिखल जास्त उघडा पडतो. म्हणून कोजागिरीचा दिवस धरला.

पाचच्या सुमारास आम्ही साळावच्या पुलाच्या अलीकडे कुंडलिकेच्या खाडीवर होतो. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, एसी गाडीतून दुर्बीण बाहेर काढली की काचांवर धुकं धरतं आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत ते लवकर जात नाही, आमची दहा मिनिटं त्यात गेली आणि तेवढ्यात एक मोठा थवा उडून गेला. पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, काचा खाली घ्या.

चिखलावर आधी मला काहीच दिसलं नाही. करडा चिखल, त्यावर करडे दगड. मग त्यातला एक दगड पळाला. मग दुसरा पळाला, थांबला, पळाला, आणि लक्षात आलं की समोर पन्नास-साठ चिखल्या उभ्या आहेत. उन्हाळ्यात तिबेट-लडाखच्या बाजूला घरटी करून हे पक्षी हिवाळा काढायला आपल्या किनाऱ्यावर येतात, तिकडे असताना छातीवर छान तांबूस पट्टा असतो, इथे येईपर्यंत तो उतरलेला असतो, त्यामुळे सगळे सारखेच मातकट. नावं पटापटा ओळखता आली नाहीत तरी त्यांची चाल बघत बसण्यात वेळ जातो. चिखल्या पळते, थांबते, बघते, चोच मारते. तुतवार मात्र थांबतच नाही, चालता चालता शेपूट वरखाली हलवत राहतो. खडकांवर एक छोटा कोरल होता, बाकदार चोचीचा, त्याने कुर्ली, म्हणजे खेकडी, पकडली, तिचा एकेक पाय झटकून टाकला आणि मग गिळली. समुद्री बगळे दोन, एक पाटीसारखा काळपट आणि एक पांढरा, जात एकच पण रंग दोन, बाबांना हे पटायला वेळ लागला. तिवरांच्या कडेला निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होत्या, आणि त्या बाबांनी दुर्बिणीशिवाय दाखवल्या. नुसत्या डोळ्यांनी, तीसएक फुटांवरून. मग स्वतःच डोळे पुसायला लागले, म्हणाले वारा आहे.

साडेसहाला अंधार पडायला लागला तसं निघालो. मुक्काम जंगलाच्या बाजूच्या एका गावात, घरगुती. त्या दिवशी आम्ही दोघंच पाहुणे. दाराला नवं बांधलेलं होतं, भाताच्या लोंब्यांची जुडी आंब्याच्या पानांत, कारण कोकणात कोजागिरी म्हणजे नवान्न पौर्णिमा पण असते. त्या घरच्या वहिनींनी नव्या तांदळाचा भात वाढला, त्याला इतका चिकटपणा आणि वास की मी दोनदा घेतला, बाबांनी तीनदा. सीझनमध्ये आलात तर एवढं बसून बोलायला होत नाही हो, वहिनी म्हणाल्या, तेव्हा तीस-चाळीस पानं उठवायची असतात.

रात्री अंगणात मसाला दूध घेऊन बसलो. चंद्र वर आलेला, जंगलाची कड काळी दिसत होती. साडेदहाच्या सुमारास तिकडून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला, एकच भुंकणं, मग थांबून परत एक, थांबून परत. मी म्हटलं गावातलं कुत्रं असेल. बाबांनी हात वर केला आणि गप्प बसायला लावलं. भेकर आहे, म्हणाले. आठ-दहा मिनिटं तो आवाज एकाच जागेवरून येत राहिला आणि मग जरा डावीकडून यायला लागला, आणि वहिनींचे यजमान आतून बाहेर येऊन म्हणाले, बिबट्या फिरत असंल, कोंबड्या कोंडल्या का गो? मे महिन्यातल्या मोजणीत मचाणावर बसून लोक रात्रभर ज्याची वाट बघतात ते हेच, फक्त आम्हाला दिसलं काहीच नाही, नुसतं ऐकू आलं. मला झोप लागायला बराच वेळ लागला.

सकाळी साडेसहाला सुपेगावच्या गेटवर. वहीत नावं लिहिली, फी भरली, गाईड म्हणून जवळच्या वाडीवरचा एक पंचविशीचा मुलगा बरोबर घेतला. गाईड घ्याच. पावसानंतर गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, पायवाटा झाकलेल्या असतात, आणि तुम्ही जिथे नुसतं हिरवं बघता तिथे त्याला दहा गोष्टी दिसतात. फणसाड हे मूळचं जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान, म्हणून ते तुटायचं वाचलं, आणि अभयारण्य झालं १९८६ साली. समुद्र इतका जवळ की सकाळी वारा पडलेला असताना चढावरून गाज ऐकू येते, आणि तरी आत ऐन, किंजळ, जांभूळ, अंजन असं दाट झाडीचं जंगल.

निघतानाच त्याने सांगितलं, "ताई, जनावर दिसंल असं मी बोलत नाय हां. आता प्रत्येक वहाळाला पाणी हाय, तो गाणीवर कशाला येईल?" मला ते आवडलं. अशा वेळी गाईडने मोठी आशा लावली की माणूस चार तास फक्त तीच शोधत राहतो.

तर आम्ही चालायला लागलो आणि पहिला अर्धा तास मला सगळं सारखंच वाटत होतं. मग त्याने काठीने चिखलात दाखवलं, हे सांबराचे खूर, हे डुकराचे, डुक्कर इथे लोळलंय बघा, आणि त्या खळग्याच्या कडेला पंज्याचा ठसा, चार बोटं, नखं नाहीत. रात्रीचाच. बिबट्याच्या पंज्यात चालताना नखं आत असतात म्हणून उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात, एवढं तरी मला आता कायमचं कळलं. बाबा गुडघ्यावर बसले आणि ठशाशेजारी आपला तळहात धरून बघितला, आणि रात्रीचं भेकर ह्यालाच बघून भुंकत होतं का हे आम्ही तिघंही काही वेळ बोलत राहिलो. उन्हाळ्यात जमीन कडक असते, असे ठसे पाणवठ्याच्या कडेशिवाय मिळत नाहीत. आता अख्खी वाटच वहीसारखी होती. पुढे एका दगडावर कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, विष्ठा, नुसत्या बियांनी भरलेली. मग साळिंदराचा एक काटा.

वाटेत जागोजागी कोळ्याची जाळी, मोठी रानकोळीण, मादी माझ्या तळहाताएवढी, काळ्या अंगावर पिवळे पट्टे, जाळ्याचा धागा उन्हात सोनेरी दिसतो. तिच्याच जाळ्याच्या कडेला नर असतो तो इतका बारीक की दाखवल्याशिवाय दिसत नाही. ही पावसाळ्याच्या शेवटी मोठी होतात, मेमध्ये तुम्हाला हे बघायला मिळणार नाही. गाईड प्रत्येक जाळ्याखालून वाकून जात होता, काठीने एकही तोडलं नाही त्याने, आम्हीही वाकलो.

एका वळणावर त्याने मला दंडाला धरून थांबवलं. माझ्या खांद्याच्या उंचीवर, बांबूच्या फांदीवर, हिरवा चापडा. पानाच्याच रंगाचा, तिकोनी डोकं, अजिबात हलत नव्हता. विषारी साप, पण तो आपण होऊन कुणाच्या मागे लागत नाही, एका जागी तासन्‌तास भक्ष्याची वाट बघत बसतो, धोका आपण न बघता बांबूला हात घालण्याचाच असतो. तर चढताना आधाराला फांदी धरायची सवय असेल तर ती आधी सोडा.

शेकरू दिसायच्या आधी ऐकू आली. वरून खडखडाट केल्यासारखा मोठा आवाज, आणि मान वर केली तर गारंबीच्या वेलावरून एक तांबडी झुपकेदार शेपटी सरकत गेली. गारंबी म्हणजे झाडांना कवेत घेऊन चढणारी महावेल, खोड माणसाच्या मांडीएवढं, शेंगा हातभराहून लांब. शेकरू थांबली, आमच्याकडे बघून परत ओरडली आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर अशी झेप घेतली की बाबांच्या तोंडून "अरे!" एवढंच आलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी तो हाच, पण जमिनीवर क्वचितच उतरतो, त्यामुळे झाडं एकमेकांना लागून असणं हाच त्याचा रस्ता. गाईडने मग मोडलेली जागा दाखवली, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पडलेली मोठी झाडं, अजून तशीच आडवी, बुरशी आणि वेलींनी भरलेली, आणि वर आभाळाला पडलेलं भोक. "इथून शेकरू तिकडं जायची, आता लांबून फिरून जाते," तो म्हणाला. बाबा बराच वेळ त्या खोडावर हात ठेवून उभे होते. त्याच वादळात आमच्या गावच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या.

साडेदहाला माळावर आलो. गिधाडांसाठी आम्ही मुद्दाम ही वेळ ठेवली होती, कारण गिधाड सकाळी लवकर उडत नाही, ऊन चढून हवा तापली की वर जाणाऱ्या गरम हवेवर पंख पसरून घिरट्या घालत उंच जातं. बाबा दुर्बीण घेऊन दगडावर बसले. माळावर खुळखुळ्याची पिवळी झुडपं होती आणि त्यांच्यावर निळसर पट्ट्यांची फुलपाखरं इतकी दाटीने बसलेली की फांदी दिसत नव्हती, शंभर तर नक्की असतील. ती मध प्यायला नाही येत तिथे, सुकलेल्या पानांमधून आणि शेंगांमधून एक विषारी द्रव्य चाटतात, नर ते वापरून मादीला भुलवणारा वास तयार करतात. मी हात पुढे केला तर सगळी एकदम उठली आणि दोन मिनिटांत परत तिथेच. वाटेवरच्या ओल्या मातीवर ब्लू मॉरमॉन पण होतं, २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झालं ते, काळं आणि त्यावर निळी शाई सांडल्यासारखं.

आभाळात एक ठिपका आला. गाईड उभा राहिला, बाबा उभे राहिले. तो गोल फिरत जवळ आला आणि मग तीन सुरांची शीळ ऐकू आली, आणि पंखांच्या कडेचा पांढरा पट्टा दिसला. सर्पगरुड. सुंदर पक्षी, एरवी मी नाचले असते. बाबांनी दुर्बीण खाली केली नाही, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग घारी आल्या, मग परत सर्पगरुड. साडेअकरापर्यंत बसलो आणि पूर्वेकडून ढग चढले, ऑक्टोबरचं ते नेहमीचं, सकाळी कडक ऊन आणि दुपारी गडगडाट, ऊन गेलं तशी हवा पण बसली. गिधाड दिसलं नाही.

गाईड म्हणाला, थंडीत या, थंडीत त्यांची घरटी असतात, उंच झाडावर, तेव्हा एका जागेला येऊन जाऊन असतात. बाबांनी त्याला त्यांच्या लहानपणीचं सगळं सांगितलं, चाळीस गिधाडं, शाळेची पोरं, दुसऱ्या दिवशीची हाडं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाळीस? एका टायमाला?" त्याने आयुष्यात एका वेळी तीन बघितली होती. मग उतरताना पूर्ण वाट तो बाबांना प्रश्न विचारत होता, कुठल्या माळावर, कुठल्या बाजूने यायची, बसायची कुठल्या झाडावर, आणि बाबा सांगत होते, आणि मी मागून चालत होते. गारंबीचं एक बी, चकचकीत तपकिरी, बाबांनी वाटेतून उचललं होतं, गेटच्या आधी स्वतःच परत झाडाखाली ठेवून आले, अभयारण्यातून काही न्यायचं नसतं म्हणाले.

गाडीत बसलो आणि पाऊस कोसळला. घरी येऊन कपडे झटकले तर माझ्या मोज्यांत दोन आणि बाबांच्या पँटच्या शिवणीत एक गोचीड, म्हणून सांगते, मोजे पँटच्या वर ओढून घ्या, पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे घाला आणि आल्या आल्या सगळे कपडे गरम पाण्यात टाका, अंगही नीट तपासा.

काल संध्याकाळी बाबा भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेऊन बसले होते, पेन्सिलीने खुणा करत. मी म्हटलं जानेवारीत मला एक सोमवार जोडून सुट्टी मिळते, तेव्हा जाऊ या का. त्यांनी तारखेवर बोट ठेवून तिथी बघितली आणि मान हलवली. "अष्टमी येते त्या दिवशी, नको. भांगाला, उधाण नसतं तेव्हा, पाणी लांब जात नाही. पुढची अमावास्या बघ, सकाळी जंगल, संध्याकाळी खाडी, दोन्ही होतंय."